जांभळा काठ

तीन महिने मी दुर्बिणींचे कॅटलॉग वाचतोय
शहापूरच्या खडे बाजारात, गिऱ्हाईक नसताना.
भिंतीवर अक्षरांचे दोन तक्ते, एक कन्नड, एक मराठी,
आणि तिसरा, अक्षरओळख नसलेल्यांसाठी,
नुसता तीन दातांचा फणा, वर, खाली, डावीकडे.

एकतीस वर्षं लोकांना विचारत आलो,
आता बरं दिसतंय, की आधीचं?
स्वतःला विचारायची वेळ आली
तर उत्तर येईना.

ऐंशी मिलिमीटरची, लांब नळीची, स्वस्त, साध्या दोन भिंगांची.
नाहीतर बहात्तरची, आखूड, कसल्याशा खास काचेची,
जिची किंमत बायकोला सांगताना
मी मधला एक आकडा गिळला.

मडिवाळप्पा म्हणाला, मोठी घे की रे, मोठं ते मोठं.
उद्यमबागेत लेथवर तो शतांश मिलिमीटर धरतो,
बाजारात गेला की किलोवर येतो.
स्कूटरवरून येळ्ळूरच्या गडावर न्यायची कशी?
मी हाय की, म्हणाला, बसतो मागं धरून.

लांब नळीची एक कॉलेजातून चार दिवस उसनी आणली.
गच्चीवर अष्टमीचा चंद्र.
मला तो स्वच्छ दिसला, खडूसारखा,
विवरांत सावल्या शाईच्या.
मनातल्या मनात मी पैसे वाचवलेसुद्धा.

तेवढ्यात शेजारची बनशंकरव्वा जिना चढून आली.
वडगावात चाळीस वर्षं मागावर बसलेली,
दसऱ्याच्या आधी मोतीबिंदू काढलेली.
डोळा लावला. बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली,
चंद्राला जांभळा काठ कुणी लावला?

मी परत बघितलं. काठ नव्हता.
तिनं परत बघितलं. होता.
दोन दोऱ्यांचाच हाय, म्हणाली,
पण विणणाऱ्याचा हात ढिला, रंग बाहेर सांडलाय.

कॅमेरा लावला.
फोटोत काठ होता,
ती म्हणाली तिथंच, तेवढाच.

हे मला माहीत नव्हतं असं नाही.
दोन भिंगं मिळून लाल आणि निळ्याला एका ठिपक्यावर बसवतात,
जांभळा उंबऱ्याबाहेर राहतो.
आणि साठीकडे डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं,
जांभळं आत घेत नाही.
आठवड्यातून एकदा तरी मी हे कुणाला ना कुणाला सांगतो,
लाकडी पेटीतून काचा बदलत.
पण ते गिऱ्हाइकांचं.
आपला डोळा गल्ल्यामागं बसतो,
त्याला कोण तपासणार?

म्हणजे स्वस्तातली मला पुरली असती,
निदान माझा मोतीबिंदू निघेपर्यंत.

बहात्तरची घेतली.
पावणेदोन किलो, बायकोच्या शिवणाच्या पिशवीत मावते.
नळी आणि कॅमेरा यांच्यामधली कडी
मडिवाळप्पानं ॲल्युमिनियममधून कातून दिली, पैसे घेतले नाहीत,
आतला काळा रंग मात्र माझ्याकडून दोनदा काढून घेतला,
पहिला चमकतोय म्हणून.

माघातली चतुर्थी. जांबोटीच्या पुढं
त्याच्या ओमनीचे दिवे बंद करून आम्ही तिघं.
अंधार एवढा की बनशंकरव्वानं चपला हातात घेतल्या,
हरवतील म्हणाली.
मृगाच्या बाणाखालचा तो धुरकट ठिपका
तीस फोटोंत थोडा थोडा गोळा करायचा होता,
पण त्याआधी, कोर झाडीत उतरायच्या आत,
मी तिला स्टुलावर बसवलं.

मडिवाळप्पानं बघून घेतलं होतं, बेस्ट म्हणाला.
मीही बघितलं होतं.
आमच्या दोघांच्या बघण्याला इथं काही किंमत नव्हती.

साडीचा काठ तपासावा तशी ती
कोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली,
मान हळूहळू वळवत,
आणि परत उलटी आली.
खाली कुठंतरी टिटवी ओरडून गप्प झाली.

काठ? मी विचारलं.

इल्ल, ती म्हणाली.

मी वहीत लिहून घेतलं,
तारीख, वेळ, आणि तिचा शब्द
तिच्याच अक्षरांत.